यंत्राला न मिळालेली दोन इंद्रिये

मनुष्य आपल्या प्रांतातून दूर गेला म्हणजे आपल्याला इंद्रिये आहेत याची जाणीव त्याला नव्याने होते. स्वगृही कान, नाक आणि जीभ आपापली कामे मुकाट्याने करीत असतात; बदलीच्या गावी मात्र ती पहिल्याच दिवशी कुरकुरू लागतात. बंगळूरच्या दक्षिणेस होसूर रस्त्यावर इलेक्ट्रॉनिक सिटी नावाची जी वसाहत आहे, तेथे व तिच्या आसपास नोकरीनिमित्त येऊन राहिलेल्या आम्हां मराठी माणसांचा अनुभव याहून निराळा नाही. शेजारच्या घरातील फोडणीचा वास ओळखीचा असूनही आपला नसतो, कारण मोहरीबरोबर तीत उडदाची डाळ पडलेली असते. येथील सांबारातही गूळ असतो. पण तो गोडवा आपल्या आमटीचा नव्हे, हे जीभ क्षणात सांगते. रात्री दूरध्वनीवर पुण्याचा किंवा नागपूरचा आवाज येतो आणि कान तृप्त होतात. नाक आणि जीभ मात्र उपाशीच राहतात.

हा भेद का असावा? घरचा आवाज शेकडो कोस ओलांडून येतो, मग घरचा वास का येऊ नये? प्रश्न पोरकट वाटेल. तथापि त्याचे उत्तर शोधू लागले म्हणजे श्रवण, तोल, रुची आणि गंध या चार संवेदनांच्या शोधाचा दोनशे वर्षांचा इतिहास उलगडावा लागतो. त्या इतिहासात आपल्यासारखेच खात्याची नोकरी करणारे, बदलीचे हुकूम झेलणारे काही लोक भेटतात. तो इतिहास थोडक्यात सांगण्याचा प्रस्तुत लेखात आमचा विचार आहे.

ज्या स्थळी बसून आम्ही हे लिहीत आहोत, ते या विषयाला अनुरूप आहे. केओनिक्स या राज्य सरकारच्या संस्थेचे प्रमुख आर. के. बाळिगा यांच्या कल्पनेतून १९७८ मध्ये कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर या खेड्यांच्या ३३२ एकर भूमीवर ही वसाहत उभी राहिली. पुण्यात १९८१ मध्ये जन्मलेल्या इन्फोसिसचे विस्तीर्ण आवारही येथेच आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये मेट्रोची पिवळी मार्गिका येथवर पोचली. त्या गाडीत बसलेल्या कोणाही तरुणाच्या हातातील फोन पाहावा. त्याला शब्द टिपणारा कान आहे. तो आडवा धरला की चित्रही आडवे होते, म्हणजे त्याला तोलाची जाणीवही आहे. परंतु त्याला नाक नाही आणि जीभ नाही. यंत्रांच्या या नगरीत यंत्राला चारांपैकी दोनच इंद्रिये मिळाली आहेत. ती दोनच का मिळाली, हे समजले की आपल्या मूळ प्रश्नाचेही उत्तर मिळते.

आपल्या प्राचीन शास्त्रकारांनी या विषयाचा विचार केला नव्हता असे नाही. न्याय-वैशेषिकांनी प्रत्येक इंद्रियाला एकेक महाभूत नेमून दिले. गंध हा पृथ्वीचा विशेष गुण, म्हणून नाक पार्थिव. रस ओळखणारी जीभ जलाची. आणि शब्द हा आकाशाचा गुण, म्हणून कानाच्या पोकळीतले आकाश हेच श्रोत्र. त्या व्यवस्थेत तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाला स्थान नव्हते, ग्रीकांच्या पाच इंद्रियांतही नव्हते. ते इंद्रिय कानाच्या आतच दडलेले असून त्याचा पत्ता लागण्यास एकोणिसावे शतक उजाडावे लागले.

प्रथम कानाचा विचार करू. आवाज म्हणजे हवेच्या दाबातील कंप. ते कानाच्या पडद्यावर आदळतात. पडद्यामागे हातोडी, ऐरण आणि रिकीब अशी तीन हाडे ओळीने जोडलेली आहेत. त्यांतील रिकीब हे मानवी शरीरातील सर्वांत लहान हाड होय. ही हाडे पडद्यावरचा कंप सुमारे वीसपट दाबाने आतील द्रवापर्यंत पोचवितात. तो द्रव गोगलगाईच्या शंखासारख्या, सुमारे अडीच वेढ्यांच्या नळीत भरलेला असतो. ती नळी सरळ केली तर लांबी जेमतेम ३५ मिलिमीटर भरेल. तिच्यातील एका पातळ पट्टीवर केशपेशींच्या रांगा आहेत. इटलीच्या आल्फोन्सो कोर्ती याने १८५१ मध्ये त्यांचे वर्णन केले. पट्टी हलली की पेशींवरचे सूक्ष्म केश वाकतात, आणि त्या वाकण्याचे रूपांतर विद्युत्-संकेतात होऊन तो मज्जातंतूने मेंदूकडे जातो.

उंच स्वर आणि खालचा स्वर यांतील भेद कानाला कसा कळतो, हा पुढचा प्रश्न. या प्रश्नाचा आणि दूरध्वनीचा संबंध फार जवळचा आहे. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल हा मूळचा बहिऱ्यांचा शिक्षक. दूरध्वनी सिद्ध होण्यापूर्वी दोन वर्षे, १८७४ मध्ये, त्याने मृत माणसाचा कान मिळवून त्याच्या पडद्याला काडी जोडली आणि बोलण्याचे कंप काजळी धरलेल्या काचेवर उमटविले होते. म्हणजे दूरध्वनीची कल्पना कानावरून सुचली. आणि पुढे कानाचे रहस्य उलगडले तेही दूरध्वनीच्या एका नोकराकडून. गेओर्ग फॉन बेकेशी हा बुडापेस्ट येथे हंगेरीच्या टपाल खात्याच्या दूरध्वनी प्रयोगशाळेत नोकरीला होता. दूरध्वनीच्या यंत्रणेत सुधारणा करावयाची तर मुळात कान किती बारकाईने ऐकतो हे कळले पाहिजे, असा त्याचा सरळ खात्याचा विचार. मृतांच्या कानांतील ती पट्टी त्याने सूक्ष्मदर्शकाखाली हलताना पाहिली. कंपाची लाट पट्टीवरून धावत जाते. उंच स्वराची लाट नळीच्या तोंडाशीच कमाल उंची गाठते आणि खालच्या स्वराची शेवटच्या टोकाकडे, असे त्याला आढळले. १९६१ मध्ये त्याला नोबेल पारितोषिक मिळाले.

खात्याची नोकरी आणि कानाची साधना यांची सांगड आपल्याकडेही पडली आहे. चंद्रशेखर वेंकट रामन १९०७ मध्ये अर्थखात्यात असिस्टंट अकौंटंट जनरल म्हणून कलकत्त्यास रुजू झाले. कचेरीच्या आधी आणि कचेरी सुटल्यावर ते बहूबाजारातील विज्ञानसंस्थेत वाद्यांच्या तारांचा अभ्यास करीत. त्यांची बदली प्रथम रंगूनला आणि मग आपल्या नागपुरास झाली, हे पुष्कळांस ठाऊक नसेल. अखेर १९१७ मध्ये कमी वेतन पत्करून त्यांनी प्राध्यापकी स्वीकारली. मृदंगाच्या आणि तबल्याच्या पुडीवर जी शाई लावलेली असते तिचे रहस्य त्यांनीच सांगितले. साध्या ढोलाचे उपस्वर परस्परांशी जुळत नाहीत, म्हणून तो नुसता वाजतो. शाईच्या वजनामुळे पुडीचे उपस्वर मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट अशा पूर्ण पटींत बसतात, म्हणून मृदंग गातो. या विषयावरील त्यांचे पहिले टिपण १९२० मध्ये आणि विस्तृत निबंध १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला. तोवर ते येथे बंगळूरला, टाटांच्या विज्ञानसंस्थेत आले होते.

दुसरे उदाहरण तर सर्वस्वी आपले आहे. कृष्णाजी बल्लाळ देवल हे डेप्युटी कलेक्टर. बावीस श्रुती ही केवळ ग्रंथातील गणना आहे की गायकाच्या गळ्यातील वस्तुस्थिती, हे त्यांनी तारेची लांबी मोजून ठरविण्याचा प्रयत्न केला. त्यासाठी त्यांनी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्वरांचे साहाय्य घेतले आणि १९१० मध्ये आपले निष्कर्ष इंग्रजी पुस्तकाच्या रूपाने मांडले. त्यांच्या मांडणीवर पुढे मोठा वाद झाला. त्या वादात आम्हांस शिरावयाचे नाही. मात्र अशा गणितात सर्वांत लहान अंतर ८० आणि ८१ या प्रमाणाचे असते. एका तारेचे सेकंदास २४० कंप आणि दुसरीचे २४३, इतका हा सूक्ष्म भेद. चांगला कान याच्याही एकचतुर्थांश फरक ओळखू शकतो, असे आजचे शास्त्र सांगते. तेव्हा देवलांनी कानावर टाकलेला विश्वास अस्थानी नव्हता.

इतके नाजूक हे इंद्रिय, पण त्याचे भांडवल मर्यादित आहे. मेंदूकडे वार्ता नेणाऱ्या केशपेशी एकेका कानात अवघ्या ३,५०० च्या आसपास असतात. पक्ष्यांमध्ये त्या नष्ट झाल्या तर पुन्हा उगवतात. माणसात उगवत नाहीत. ८५ डेसिबेलच्या आवाजात रोज आठ तास काढणे ही मर्यादा समजली जाते. होसूर रस्त्यावरील भोंग्यांत तासन्‌तास अडकणाऱ्या आणि वरून कानांत यंत्र खुपसून मोठ्या आवाजात गाणी ऐकणाऱ्या तरुणांनी ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे.

आता त्याच कानातले दुसरे, उपेक्षित इंद्रिय. शंखाकृती नळीला लागूनच तीन अर्धवर्तुळाकार नळ्या परस्परांशी काटकोनात बसविलेल्या आहेत. १८२० नंतरच्या दशकात फ्रान्सच्या फ्लूराँस याने कबुतराच्या या नळ्या छेदून पाहिल्या, तेव्हा पक्षी बहिरा झाला नाही. जी नळी छेदली तिच्याच दिशेने त्याची मान हेलकावे खाऊ लागली. डोके वळते तेव्हा नळीतला द्रव किंचित मागे रेंगाळतो आणि तेथील केशपेशींना वाकवितो, हा उलगडा पुढे पन्नास वर्षांनी झाला. व्हिएन्नाचा रॉबर्ट बाराणी रुग्णांचे कान धूत असता, पाणी थंड असले तर रुग्णास भोवळ येते व डोळे एका दिशेने फिरतात आणि गरम असले तर उलट दिशेने, असे त्याला दिसले. या साध्या निरीक्षणातून तोलाची परीक्षा करण्याची रीत निघाली. १९१४ चे नोबेल पारितोषिक त्याला जाहीर झाले तेव्हा तो महायुद्धात रशियाच्या कैदेत होता.

या तीन नळ्यांजवळ दोन लहान पिशव्या असतात. त्यांत केशांवर चुनखडीचे अतिसूक्ष्म कण ठेवलेले असतात. डोके कलले की ते कण घसरतात आणि खालची बाजू कोणती हे मेंदूस कळते. उतारवयात हे कण कधी कधी सुटून नळ्यांत शिरतात आणि अंथरुणात कूस बदलताच घर फिरू लागते. डोके ठराविक क्रमाने वळवून ते कण पुन्हा जागी आणण्याची रीत अमेरिकेतील जॉन एप्ली याने काढली. अशा भोवळीवर ती पुष्कळदा औषधावाचून गुण देते. आपण ज्याला 'गाडी लागणे' म्हणतो, तोही याच इंद्रियाचा खेळ होय. कंपनीच्या बसमध्ये फोनवर वाचणाऱ्याचे डोळे सांगतात की आपण स्थिर आहोत, आणि कान सांगतो की आपण चाललो आहोत. या विसंगत साक्षीने मेंदू गोंधळतो आणि पोट ढवळते.

या दोन इंद्रियांतील साम्य वाचकांच्या ध्यानात आले असेलच. दोन्हींच्या मुळाशी केशाचे वाकणे, म्हणजे केवळ हालचाल आहे. हालचाल मोजणे यंत्रास सोपे. फोनमध्ये पडद्याच्या जागी सूक्ष्म पापुद्रा आणि चुनखडीच्या कणांच्या जागी सिलिकॉनचा बारीक तुकडा बसविला की काम झाले.

रुची आणि गंध यांची गोष्ट वेगळी. तेथे हालचाल नव्हे, तर पदार्थाचा प्रत्यक्ष कण ओळखावा लागतो. आयुर्वेदाने मधुर, अम्ल, लवण, कटू, तिक्त आणि कषाय असे सहा रस मानले. येथे भाषेची एक गंमत सांगण्यासारखी आहे. संस्कृतातील कटू म्हणजे मिरीसारखे तिखट आणि तिक्त म्हणजे कारल्यासारखे कडू; मराठीत कटूचे 'कडू' झाले आणि त्याचा अर्थच पालटला. आजचे शास्त्र गोड, आंबट, खारट आणि कडू यांच्या जोडीला एक पाचवी रुची मानते. टोकियोच्या किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये समुद्रशेवाळाच्या रश्शातून ती वेगळी काढून तिला 'उमामी' हे नाव दिले. तिखट मात्र रुचीच नव्हे, असे आता सिद्ध झाले आहे. मिरचीतले द्रव्य जिभेवरच्या उष्णता ओळखणाऱ्या तंतूंना चेतविते, म्हणून तोंड भाजते. १९९७ मधील या शोधाबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. कोल्हापूरच्या तांबड्या रश्शाची ख्याती शास्त्रदृष्ट्या वेदनेची ख्याती आहे, हे कोल्हापूरकरांनी आम्हांस क्षमा करून ऐकावे.

जिभेच्या शेंड्याला गोड कळते आणि मुळाशी कडू, असा नकाशा आपल्यापैकी पुष्कळांनी शालेय पुस्तकात पाहिला असेल. तो १९०१ मधील एका जर्मन निबंधाच्या चुकीच्या वाचनातून पसरला. वस्तुतः सर्व रुची जिभेच्या सर्व रुचिकलिकांना कळतात. गोड ओळखण्यास एकच प्रकारची प्रथिनजोडी पुरते. कडूसाठी सुमारे २५ प्रकारची प्रथिने आहेत. विषे अनेक प्रकारची असतात आणि बहुधा कडू असतात, तेव्हा निसर्गाने पहारेकरी जास्त ठेवले यात नवल नाही.

तथापि ज्याला आपण चव म्हणतो तिचा मोठा भाग नाकाचा असतो. घास चावताना त्याचा गंध घशामागून नाकाच्या छतापर्यंत चढतो. पडसे झाले की जेवण बेचव होते ते याचमुळे. २०२० च्या साथीत असंख्य लोकांचे घ्राणेंद्रिय एकाएकी बंद पडले, तेव्हा गोड आणि खारट कळत असूनही त्यांना अन्न नकोसे झाले.

गंधाच्या शोधाचा एक महत्त्वाचा अध्याय मुंबई आणि बंगळूर यांच्या दरम्यान लिहिला गेला. डॉ. होमी भाभांच्या निमंत्रणावरून ओबेद सिद्दिकी १९६२ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. पुढे त्यांनी पिकल्या केळ्यावर घोंघावणाऱ्या क्षुद्र फळमाशीला आपले साधन केले. १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस व्हेरोनिका रॉड्रिग्स त्यांना येऊन मिळाल्या. त्या गोमंतकीय कुटुंबातल्या. जन्म केनियातला, शिक्षण डब्लिनचे आणि कर्मभूमी कुलाब्याची. माशीला इंग्रजी वाय अक्षरासारख्या नळीत सोडावयाचे, एका फाट्यात गंध ठेवावयाचा आणि ती कोठे वळते ते पाहावयाचे, इतका साधा प्रयोग. काही माश्यांना विशिष्ट जातीचे गंध कळेनात, बाकीचे मात्र कळत. एका जनुकात बिघाड झाला की गंधांचा एकच गट हरपतो, सगळे घ्राण जात नाही, हे १९७८ मध्ये या दोघांनी दाखविले. सिद्दिकींनी पुढे बंगळूरला राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र उभारले आणि कालांतराने रॉड्रिग्सबाईही तेथे आल्या. २०१० मध्ये त्यांचे आणि २०१३ मध्ये सिद्दिकींचे निधन झाले.

दरम्यान १९९१ मध्ये अमेरिकेत लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी गंधकण ओळखणाऱ्या प्रथिनांच्या जनुकांचे अफाट कुटुंब शोधून काढले. २००४ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. माणसात या प्रथिनांचे सुमारे ४०० प्रकार कार्यक्षम आहेत. एकेक गंध त्यांतील अनेकांना कमीअधिक चेतवितो आणि त्या मेळातून मेंदू 'ही हिंग', 'हा सोनचाफा' असे ओळखतो.

आता आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तर देता येईल. आवाज ही हवेच्या दाबातील एक घडण आहे. ती मोजून तिचा निरोप पाठविला की पलीकडचा पडदा तशीच घडण पुन्हा निर्माण करतो. गंध ही घडण नव्हे, तो पदार्थच आहे. मद्याचा वास ओळखणारे यंत्र पोलिसांच्या हाती असते हे खरे. पण शेकडो कणांचे मिश्रण नाकासारखे ओळखणे, आणि ओळखले तरी पलीकडच्या टोकाला तेच कण नव्याने घडविणे, हे निराळे काम आहे. म्हणून आईचा आवाज दूरध्वनीवरून येतो, पण तिचा गोडा मसाला डब्यात भरूनच आणावा लागतो.

येथवर आल्यावर वाचक म्हणतील की, कानाची तरी सोय झाली. परदेशी वा परप्रांती असलेल्या नातवाला आजीचा आवाज रोज ऐकू येतो. तेवढ्याने मराठी टिकेल. आमचेही पूर्वी असेच मत होते. परंतु शास्त्राची साक्ष याच्या विरुद्ध आहे. १९८४ मध्ये कॅनडातील जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी इंग्रजी घरांतील तान्ह्या मुलांना हिंदीतील 'ट' आणि 'त' ऐकविले. सहा-आठ महिन्यांच्या मुलांना तो भेद कळला. वर्षाची होत आलेल्या मुलांना कळेना. कान शाबूत होते, पण जे कानावर पडत नाही त्याचा भेद मेंदूने सोडून दिला होता. २००३ मध्ये पॅट्रिशिया कूल यांनी याचा पुढचा भाग दाखविला. नऊ महिन्यांच्या अमेरिकी मुलांपुढे चिनी बाई प्रत्यक्ष बसून बोलली, तेव्हा मुलांनी चिनी ध्वनी आत्मसात केले; तेच बोलणे चित्रफितीतून ऐकविले, तेव्हा काहीही शिकली नाहीत. मुलाशी दोन्ही बाजूंनी बोलणे चालू असलेला दूरध्वनी चित्रफितीहून बरा असेल. पण मांडीवर घेऊन बोलणाऱ्या माणसाची जागा तो घेईल असे आम्हांस वाटत नाही. जन्मतः बहिऱ्या मुलांच्या कानात यंत्र बसवावयाचे तर ते जितके लवकर तितके चांगले, असे तज्ज्ञ सांगतात तेही याच कारणाने. १९६५ मध्ये मैसूर येथे स्थापन झालेली वाचा व श्रवण यांची अखिल भारतीय संस्था आपल्या जवळच आहे. मुलाच्या ऐकण्याविषयी शंका असेल त्यांनी दिवस घालवू नयेत.

मराठीत 'जग' म्हणजे विश्व आणि 'जग' म्हणजे जिवंत राहा, यांतले दोन ज लिहिण्यात एक, पण उच्चारात भिन्न आहेत. 'चार' आणि 'चारा' यांतल्या च ची तीच कथा. हा भेद येथील कन्नडात नाही. तो इलेक्ट्रॉनिक सिटीच्या रस्त्यावर मुलाच्या कानी पडणार नाही. ळ मात्र पडेल, कारण तो कन्नडातही आहे, आणि उत्तरेकडे बदली झालेल्या आपल्या बांधवांना ते भाग्य नाही. मुलांनी कन्नड शिकू नये असे आम्ही मुळीच म्हणत नाही. लहान मुलाचा कान दोन-तीन भाषा सहज सामावतो. तो एकाच गोष्टीने उपाशी राहतो, ती म्हणजे घरातल्या माणसांचे मौन. मोठेपणी हे ध्वनी शिकता येतात, पण मग ते कष्टाने शिकावे लागतात.

असो. कचेरीतून थकून घरी आल्यावर मुलाच्या हाती फोन देऊन आपण वर्तमानपत्र उघडावे, हा मोह आम्हांलाही होतो. त्या वेळी टपाल खात्यातल्या बेकेशीचे आणि डेप्युटी कलेक्टर देवलांचे स्मरण करावे. नोकरी सांभाळून त्यांनी कानासाठी वेळ काढला. आपल्याला त्यांच्यासारखे संशोधन करावयाचे नाही. दिवसातून तासभर मुलाला जवळ घेऊन, त्याच्याकडे पाहून, मराठीत बोलावयाचे आहे. स्वयंपाकघरात त्याच वेळी आमटीला फोडणी पडत असेल, तर यंत्राला न मिळालेल्या त्या दोन इंद्रियांचेही काम आपोआप होईल.